नेलीमावशीने न नोंदलेल्या चुका

रशियातल्या इझेव्स्क शहराच्या त्या ऑफिसात लोकरीचा एक जुना बूट होता. डाव्या पायाचा, टाचेशी झिजलेला, कुणाच्या तरी आजोबांचा. आठवडाभरात ज्या प्रोग्रॅमरच्या कामात सगळ्यात जास्त चुका सापडत, त्याच्या टेबलावर सोमवारी सकाळी तो बूट येऊन बसे आणि पुढच्या सोमवारपर्यंत हलत नसे. येता-जाता लोक त्यात चॉकलेटचे कागद टाकत, चहाच्या ओल्या पिशव्या टाकत. ज्याच्या वाट्याला बूट, त्याने तो शुक्रवारी सगळ्यांदेखत रिकामा करायचा, आणि हसत करायचा. ज्याला आपल्यावरची थट्टा सोसत नाही तो टीममध्ये राहायच्या लायकीचा नाही, असं मॅनेजर इलोना गेनरिखोव्हना म्हणत असे.

नेली सेम्योनोव्हना वाख्रुशेवा तिथे टेस्टर होती. प्रोग्रॅमरांनी केलेलं काम गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी आपण वापरून बघायचं, जिथे अडखळेल तिथे बोट ठेवायचं, हे तिचं काम. पन्नाशीला टेकलेली, तिथल्याच उद्मुर्त जमातीची बाई, बुटकी, रुंद हाडाची, केस मागे घट्ट बांधलेले. उमेदीची सगळी वर्षं तिने मोटारसायकलींच्या कारखान्यात तपासणी खात्यात घालवली होती. कारखाना बंद पडला तेव्हा खात्यातल्या बायकांना कॉम्प्युटरच्या वर्गाला पाठवलं गेलं. बहुतेक जणी आठवडाभरात पळाल्या. नेली टिकली, कारण तिला घरी बसणं परवडण्यासारखं नव्हतं. आणि गंमत म्हणजे ज्या गुदामातून ती कधीकाळी सुटे भाग उचलून आणत असे, त्यालाच काचा आणि गालिचे लावून हे ऑफिस केलेलं होतं.

कारखान्यात एक रीत होती. लेथवरच्या माणसाचा एखादा भाग मापात बसला नाही, तर तपासणीची बाई लगेच त्याचं नाव लिहीत नसे. खडूने भागावर बारीक फुली मारायची, जाता-जाता त्याच्या बाकावर ठेवायचा आणि पुढे चालू लागायचं. पाळी संपायच्या आत तो नीट होऊन आला की फुली पुसून टाकायची. लिहिलं तर त्याचा बोनस जाणार. आणि हाच माणूस रविवारी येऊन तुमच्या घरचा गळका नळ बसवून देणार. ही रीत कुणी शिकवली नव्हती, आणि तिला लबाडी असं कुणी म्हणत नसे.

नेलीने ही रीत आपल्याबरोबर नव्या नोकरीत आणली. तिची चूक म्हणायची तर ती एवढीच.

तिच्याकडे मुख्यतः रोदिओन चेरेपानोवचं काम तपासायला येई. तिशीचा, गोरागोमटा, बोलायला गोड. ती लागली त्या पहिल्याच महिन्यात तिने त्याच्या इतक्या चुका नोंदवल्या की बूट त्याच्या टेबलावर गेला. त्याच्या बायकोला नुकतंच बाळ झालेलं, रात्री झोप नाही, डोळे सुजलेले. शुक्रवारी तो बुटातल्या चहाच्या पिशव्या कचऱ्यात झटकत होता, हसत होता, आणि त्याचे कान लालभडक झाले होते. नेलीला ते कान दिवसभर दिसत राहिले.

पुढच्या आठवड्यापासून ती चहाचा कप घेऊन त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहू लागली. "रोद्या, तिसऱ्या पानावरून मागे आलं की पेशंटचं नाव पुसलं जातंय बघ," असं कानात सांगायचं आणि कप घेऊन परत यायचं. तासाभरात चूक गेलेली असे, नोंद झालेली नसे. बदल्यात, ज्या थोड्या चुका नोंदवणं भागच असे त्या रोदिओन तिला इंग्रजीत लिहून देई. गिऱ्हाईक इंग्लंडचं, त्यामुळे नोंदी इंग्रजीतच हव्यात, आणि नेलीचं इंग्रजी शाळेत जिथे सोडलं तिथेच होतं. ती रशियनमध्ये सांगे, तो खटाखट टाइप करी. तिला तो नेलीमावशी म्हणू लागला. बाळाचे फोटो आधी तिला दाखवी. तिने बाळासाठी मोजे विणून दिले. बूट पुन्हा त्याच्या टेबलावर कधी आला नाही.

मग सप्टेंबरात एका सकाळी इलोना गेनरिखोव्हनाने सगळ्यांना बोलावलं. उंच, नेटकी, पांढरा शर्ट, आवाज कधीच चढत नाही अशी बाई. गिऱ्हाईक खर्च कमी करतंय, ती म्हणाली. दोन टेस्टरांपैकी एकच राहील. आणि राहील त्या व्यक्तीला यापुढे फोनवर इंग्लंडशी स्वतः बोलावं लागेल, मध्ये कुणी नको. तिने भिंतीवरचा पडदा लावला. त्यावर आलेखाचे दोन खांब होते, वर्षभरात कोणी किती चुका पकडल्या त्याचे. दुसरी टेस्टर इंगा, पंचविशीची मुलगी, तिचा खांब पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेला. नेलीचा खांब स्टुलाएवढा. शेजारी प्रोग्रॅमरांचे खांब होते, कोणाच्या कामात किती चुका निघाल्या त्याचे. रोदिओनचा जवळजवळ दिसतच नव्हता. त्याला त्याच दिवशी टीमचा प्रमुख केलं. टाळ्या वाजल्या. नेलीनेही वाजवल्या.

इलोना गेनरिखोव्हनाला बोल लावायचा तरी कशाचा? खांब खरेच होते.

संध्याकाळी नेलीने रोदिओनला जिन्यात गाठलं. तो सिगरेट ओढत होता.

"रोद्या, तू बाईंशी बोल. माझा खांब बुटका का आहे ते तुला माहीत आहे."

तो सिगरेटच्या टोकाकडे बघत म्हणाला, "काय बोलू? माझ्या चुका तुम्ही झाकत होता म्हणून? नेलीमावशी, आजच मला प्रमुख केलंय."

"झाकत नव्हते रे. तुला सांगत होते."

"पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं," तो म्हणाला. मग नेहमीसारखा हसला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही इंग्रजीचं बघा. बाकीचं मी आहे ना."

ऑफिसातच मंगळवारी आणि गुरुवारी कामानंतर इंग्रजीचा वर्ग चाले, अगदी नवशिक्यांचा. शिकवणाऱ्या एम्मा लिओपोल्दोव्हना जन्मभर शाळेत जर्मन शिकवत आल्या होत्या. जर्मन कुणाला नकोसं झालं तेव्हा त्यांनी उतारवयात कॅसेट ऐकून इंग्रजी उचललं. कडक बाई. वर्गात हिशेबनीस होते, एक-दोन नवे प्रोग्रॅमर होते, आणि सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर नेली. कुठे राहता, किती वाजले, टेबलावर काय आहे, इथून सुरुवात. पण शब्दांपेक्षा एम्माबाईंचा जोर तोंडावर होता.

"तुमची तोंडं बघा," त्या म्हणत. "समोरच्या माणसाला वाटेल, आपल्या घरात कुणीतरी गेलंय आणि ही बाई सांगायला आली आहे. त्या लोकांना दात दिसावे लागतात."

प्रत्येकाने घरून हाताएवढा आरसा आणायचा आणि त्यात बघत वाक्यं म्हणायची. नेलीच्या घराण्यात ओळख नसलेल्या माणसाकडे बघून हसायची पद्धत नव्हती. तसं करणारी बाई एकतर डोक्याने कमी, नाहीतर काहीतरी विकायला आलेली. तिचे गाल दुखत. पण ती सवयीची मेहनती, तिने तेही जमवलं. एम्माबाईंचा दुसरा नियम त्याहून पक्का होता. समोरचं कळलं नाही तर दगड होऊन बसायचं नाही. हसायचं आणि म्हणायचं, 'येस, ऑफ कोर्स. थँक यू.' थांबलात की संपलात. काय म्हणाला ते मागाहून कुणालाही विचारता येतं.

घरी नेली नवऱ्यासमोर सराव करी. अर्कादीला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू गेलेली. तो पुढच्या खोलीतल्या पलंगावर उशांना टेकून बसे आणि इंग्रज साहेब होई. नेली विचारी, हाऊ आर यू, आणि तो अर्ध्या तोंडाने काहीबाही गुरगुरे, मग दोघंही हसत. दिवसा त्याला गोळ्या द्यायला शेजारची फाइना येई. मागच्या वसंतात फाइनाने रक्तदाबाची गोळी दिली, ते विसरली, आणि पुन्हा दिली. अर्कादी न्हाणीघराच्या उंबऱ्यात कोसळला. वेळेवर अँब्युलन्स आली म्हणून निभावलं. डॉक्टरांनी फाइनाला काही म्हटलं नाही, नेलीला म्हटलं.

हे सांगायचं कारण असं की रोदिओनची टीम जो प्रोग्रॅम करत होती तो गोळ्यांचाच होता. उत्तर इंग्लंडात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सबायांची एक संस्था होती. कोणाला कोणती गोळी किती वाजता द्यायची हे नर्सच्या फोनवर दिसे, दिली की तिने खूण करायची, मग ती ओळ पुसली जाई.

ऑगस्टात हे तपासताना नेलीला एक गोष्ट आठवली होती. रशियात घड्याळं मागे-पुढे करणं सरकारने बंद करून टाकलं होतं, पण त्याआधी दरवर्षी ऑक्टोबरात ती आणि अर्कादी झोपण्यापूर्वी भिंतीवरचं घड्याळ तासभर मागे करत असत. इंग्लंडात ते अजून चालतं. म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे एक तास संपतो आणि पुन्हा सुरू होतो. तिने चाचणीच्या फोनवर ती तारीख लावली, इंग्लंडचं घड्याळ लावलं, दीडची गोळी दिल्याची खूण केली आणि वाट बघत बसली. तास उलटला. घड्याळ मागे गेलं, दीड वाजले, आणि फोनने पुन्हा सांगितलं, गोळी द्या.

तिने कप उचलला आणि नेहमीसारखी रोदिओनच्या कानात सांगून आली. बघतो, तो म्हणाला.

जिन्यातल्या त्या बोलण्यानंतर काही दिवसांनी तिने पुन्हा ती तारीख लावून पाहिली. गोळी अजून दोनदा येत होती. ती परत गेली. रोदिओनने तिला आपला पडदा दाखवला. त्याने एक आपोआप चालणारी तपासणी लिहून ठेवली होती, ती रोज सकाळी सगळं काम चाळून काढी, आणि तिच्यासमोर हिरवा दिवा होता.

"ही इथल्या घड्याळावर चालते रोद्या," नेली हळूच म्हणाली. "इझेव्स्कमध्ये तो तास मागे येतच नाही. ती हिरवीच राहणार."

"वर्षातली एक रात्र," तो म्हणाला. "किती म्हाताऱ्या जाग्या असतील तेव्हा? आत्ता हे उकरलं तर मला सगळा पाया खणावा लागेल, आणि इलोना विचारेल की प्रमुख व्हायच्या आधीपासूनचं हे कुठे दडलं होतं. तुम्ही नोंदवू नका. तुमच्याबद्दल मी तिच्याशी बोललोय, जवळजवळ ठरलंय."

बोलला होता की नाही देव जाणे. पण नेलीने ते ऐकलं आणि नोंदवलं नाही. तिला जागा हवी होती. घरी फाइनाला द्यायचे पैसे होते, औषधं होती, अर्कादीचं अर्धं तोंड होतं. तिने आपल्या मनाशी म्हटलं, ऑक्टोबरपर्यंत तो करील. तो तसा वाईट नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर इंग्लंडचा फोन ठरला. माल्कम नावाचा गिऱ्हाइकाचा माणूस दोन्ही टेस्टर बायकांशी बोलणार आणि इलोना गेनरिखोव्हना ठरवणार. त्या सकाळी नेलीने शेवटचं म्हणून पाहिलं. गोळी दोनदाच. मग तिने काय ठरवलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, अर्कादीलासुद्धा नाही. वेळ पडलीच तर असू द्यावीत म्हणून आदल्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर तिने एम्माबाईंकडून थोडी वाक्यं नीट बसवून घेतली होती. देअर इज अ प्रॉब्लेम. द मेडिसिन कम्स टू टाइम्स. इट इज नॉट फिक्स्ड. एम्माबाईंना वाटलं, पोरगी अभ्यासापलीकडचं करतेय, आणि त्यांनी प्रत्येक शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला.

लांब टेबल, मोठा पडदा. पडद्यावर माल्कम, मऊ चेहऱ्याचा, अंगात जाड स्वेटर, हातात चहाचा मग. टेबलाशी इलोना, रोदिओन, इंगा आणि नेली. इंगा आधी बोलली, भराभर, मध्येच माल्कमला हसवलंही. मग नेलीची पाळी आली. तिने नाव सांगितलं, शहर सांगितलं, गावातल्या मोठ्या तलावाबद्दल सांगितलं, हिवाळ्यात त्यावर लोक बर्फात भोक पाडून मासे धरतात हे सांगितलं. माल्कम मान हलवत होता. तिचे दात दिसत होते. शेवटी त्याने काहीतरी विचारलं, त्यातला 'प्रॉब्लेम' हा शब्द तिने पकडला. वाक्यं तयार होती. तिने ती एकामागून एक टेबलावर ठेवली. औषध दोनदा येतं. ते दुरुस्त झालेलं नाही.

इलोनाचं पेन थांबलं. इंगाने मान खाली घातली.

रोदिओन मात्र दचकला नाही. तो माइककडे किंचित झुकला आणि बोलू लागला, सावकाश, प्रेमळ आवाजात, मध्येच थोडं हसत. नेलीला तिचं नाव दोनदा ऐकू आलं. बाकी सगळं पाण्यासारखं निसटून गेलं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बाळाचे फोटो दाखवताना त्याचे डोळे जसे असत तसेच होते. तिला वाटलं, सुटला बिचारा. इतके दिवस मनात घेऊन बसला होता, आता मीच तोंड फोडलं म्हटल्यावर नीट समजावून सांगतोय, माझ्या मोडक्यातोडक्या बोलण्यावर चांगलं इंग्रजी चढवतोय. माल्कमनेही मान डोलावली. मग रोदिओन तिच्याकडे वळला, भुवया उंचावल्या आणि म्हणाला, "राइट, नेली?"

सगळे तिच्याकडे बघत होते. ती थांबली नाही.

"येस, ऑफ कोर्स," ती म्हणाली, अगदी वर्गात म्हणायची तसं. "थँक यू."

माल्कमने छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ मऊ आवाजात काहीतरी सांगितलं. ती पुन्हा थँक यू म्हणाली.

घरी जाताना ती हलकी होऊन चालत होती. बाजारातून अर्कादीला आवडतो तो धुरी दिलेला मासा घेतला. "मी बोलले," तिने त्याला सांगितलं. "सगळ्यांसमोर. इंग्रजीत." अर्कादीने डाव्या हाताने तिचा हात दाबला आणि अर्ध्या तोंडाने म्हणाला, "शाब्बास नेल्का."

दुसऱ्या दिवशी इलोना गेनरिखोव्हनाने तिला आत बोलावलं आणि जागा इंगाला दिल्याचं सांगितलं. नेलीने विचारलं, माझं इंग्रजी कमी पडलं का?

"इंग्रजी उलट अपेक्षेपेक्षा बरंच होतं," इलोना म्हणाली. "पण तुम्ही स्वतःच कबूल केल्यावर मी काय करणार?"

काय कबूल केलं ते नेलीला विचारता येईना. फोनवरची बोलणी सगळी रेकॉर्ड करून साठवलेली असत. तिने तेवढा तुकडा मागून घेतला आणि वर्ग भरायच्या आधी एम्माबाईंपुढे ठेवला. एम्माबाईंनी चष्मा लावला आणि शुद्धलेखन घालतात तसं एकेक वाक्य थांबवत, रशियनमध्ये सांगायला सुरुवात केली.

"तो म्हणतोय, नेली ज्याबद्दल बोलते आहे तो भाग तिने ऑगस्टमध्ये स्वतः तपासून पास केला होता." थांबल्या. पुढचं लावलं. "चूक मी नंतर शोधली आणि दुरुस्त केली, तपासणी हिरवी आहे. पण नेलीबाईंच्या मनाला ते लागून राहिलंय. वय झालं की नजरेतून सुटतं, त्यात त्यांचा दोष नाही." पुन्हा थांबल्या. "त्या मला म्हणाल्या, ही जागा तरुण मुलीलाच मिळावी, आणि हे त्यांना तुमच्यासमोर कबूल करायचं होतं. बरोबर ना, नेली?"

मग नेलीचा स्वतःचा आवाज आला. ठणठणीत, आनंदी. येस, ऑफ कोर्स. थँक यू.

"आणि तो इंग्रज?" नेलीने विचारलं.

"तो म्हणतोय, इतका प्रामाणिकपणा हल्ली बघायला मिळत नाही. तुम्हाला निवांत विश्रांती लाभो."

एम्माबाईंनी चष्मा काढून पुसला. काहीतरी बोलायला हवं असं त्यांना वाटत होतं, आणि जे खरं होतं तेच त्यांच्या तोंडून आलं. "उच्चार मात्र फार स्वच्छ आलाय हो."

रोदिओन जिन्यातच होता. या वेळी त्याने खांद्यावर हात ठेवला नाही.

"तुम्ही मला सगळ्यांदेखत कापायला निघालात," तो म्हणाला. "एका शब्दाने आधी न सांगता. मी काय करायला हवं होतं?"

"तुला दोनदा सांगितलं होतं."

"कुठे? नोंद दाखवा. एक दाखवा."

नेलीकडे एकही नव्हती. वर्षभराच्या चुका तिने याच्या कानात ओतल्या होत्या आणि त्या तिथेच राहिल्या होत्या.

"घरी अर्कादी आहे," ती म्हणाली. हे म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं.

"म्हणून तर सन्मानाने जाताय. मी ठरवलं असतं तर निष्काळजीपणाचा शेरा मारून घालवलं असतं." आणि त्याने सिगरेट विझवली.

शेऱ्याची गोष्ट इलोना गेनरिखोव्हनानेही काढली, जरा गोड शब्दांत. नव्या मालकाला दाखवावी लागणाऱ्या नोकरीच्या पुस्तिकेत तसं काही लागलं की या वयात पुढे कोण उभं करील? त्यापेक्षा स्वतःच्या इच्छेने सोडतेय असं लिहून द्यावं. सगळे तेच करतात. तिने कोरा कागद सरकवला आणि मजकूर सांगितला. नेलीने शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहून घेतला. 'स्वेच्छेने' या शब्दाशी हात थोडा थांबला, तेव्हा इलोनाने तो शब्द पुन्हा सांगितला, नेलीला ऐकू आला नसेल असं समजून.

शेवटचा दिवस ऑक्टोबरातला तो शुक्रवार होता, ज्याच्या पाठचा रविवार इंग्लंडात घड्याळ मागे न्यायचा. जाणाऱ्या माणसाने सहकाऱ्यांना खाऊ घालून जायचं असतं. काढून टाकलेलं असो की आपणहून निघालेलं, ती पद्धत चुकत नाही. न घालणाऱ्याबद्दल पुढे वर्षभर बोललं जातं. नेलीने पहाटे उठून तिच्या माहेरचे पेरेपेची केले, राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या चुणीदार वाट्या, आत खिमा आणि आळंबी, वरून दूध-अंडं. मोठा ट्रे टॉवेलाखाली झाकून बसमधून आणला. ऑफिसच्या स्वयंपाकघरात ठेवला आणि सगळ्यांना हाक मारली. वास सुटला तशी माणसं खुर्च्या सोडून धावली.

ती मात्र आपल्या टेबलाशी येऊन बसली. कॉम्प्युटर अजून चालू होता. तिने नवी नोंद उघडली आणि पहिल्यांदाच कुणाच्या मदतीशिवाय इंग्रजीत लिहायला घेतलं. साधी, छोटी वाक्यं. फोनवर ही तारीख लावा. इंग्लंडचं घड्याळ लावा. गोळी दिल्याची खूण करा. वाट बघा. काय दिसायला हवं, काय दिसतं. शेवटी तिने लिहिलं, हे रविवारी होईल. दोनदा वाचलं. शुद्ध होतं. पाठवलं.

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता. तिने अजून खुर्ची सरकवलीही नव्हती, तोच नोंदीचा रंग बदलला. रोदिओनने तिथूनच, फोनवरून, एका हाताने बंद केली होती. शेरा दोन शब्दांचा होता, चूक आढळली नाही. नेली ती पुन्हा उघडायला गेली तर पडद्याने तिचं नाव आणि परवलीचा शब्द मागितला. तिने दिला. नाव ओळखीचं नाही, असं उत्तर आलं. तेवढ्यात तिचा प्रवेश काढून घेतला गेला होता.

शेजारच्या टेबलाशी इंगा होती, कागदी बशीत एक पेरेपेच घेऊन परत आलेली.

"इंगा, तू एकदा रविवारची तारीख लावून बघ," नेली म्हणाली. "तासभर लागेल फक्त."

इंगाने बशी खाली ठेवली. पडद्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. "तो भाग माझ्याकडे दिलेला नाही, नेली सेम्योनोव्हना," ती म्हणाली. "आणि तपासणी हिरवी आहे."

नेलीने ड्रॉवर रिकामा केला. आरसा, विणकामाच्या सुया, चहाचा कप. पिशवीत भरून ती ट्रे घ्यायला स्वयंपाकघरात गेली. ट्रे रिकामा झाला होता, कागदावर फक्त तेलाचे गोल उरले होते. इलोना गेनरिखोव्हनाने थोडं भाषण केलं, अशा माणसांच्या जोरावरच टीम उभी राहते असं काहीतरी, आणि टाळ्या झाल्या. मग पांगापांग झाली. रोदिओन रुमालाला बोटं पुसत तिच्याजवळ आला. त्याच्या आवाजात काही नव्हतं, ना लाज ना राग, पोट भरलेल्या माणसाचा आवाज होता.

"नेलीमावशी, एक काम करा, कृती सांगून जा. उद्या माझे सासूसासरे येताहेत जेवायला. बायकोला म्हटलं, मावशीकडून आणतो."

त्याने फोन काढला आणि अंगठे तयार ठेवले. नेलीने ट्रे काखेत धरला आणि सांगायला लागली, सावकाश, त्याला टिपून घेता येईल अशी. रायचं पीठ इतकं, गव्हाचं इतकं, पाणी कोमट. मळून झाकून ठेवायचं. गोळे लाटायचे, कडा वर उचलून चुण्या घालायच्या, वाटी करायची. आत खिमा, आळंबी, कांदा. दूध-अंडं फेटून वरून ओतायचं. कडक गरम भट्टीत ठेवायचं.

वाट्या आधी रिकाम्याच भाजून कोरड्या करून घ्यायच्या असतात, नाहीतर सगळं दूध तळातून झिरपून जातं आणि हाताला नुसता चिखल लागतो. तेवढं तिने सांगितलं नाही.

रोदिओनने पायऱ्या वरपासून खालपर्यंत एकदा वाचून दाखवल्या. "एवढंच ना? मधलं काही राहिलं नाही ना?"

"एवढंच," नेली म्हणाली आणि जिना उतरू लागली.